विज्ञानकथेचा पहिला वाचक : मराठी, बंगाली आणि तमिळ परंपरांतील वाचकापेक्षांचा इतिहास

१. प्रश्नाची मांडणी

वाङ्मयप्रकाराचा इतिहास बहुधा लेखकांचा आणि कृतींचा इतिहास म्हणून लिहिला जातो. विज्ञानकथेच्या बाबतीत तर पहिली कथा कोणती आणि पहिली कादंबरी कोणाची, या अग्रक्रमाच्या वादांतच अभ्यासकांची पुष्कळशी शक्ती खर्च होते. हान्स रॉबर्ट याउस यांनी १९६७ मध्ये कॉन्स्टान्झ येथील व्याख्यानात वाचकाच्या अपेक्षांचे क्षितिज ही संकल्पना मांडली आणि वाङ्मयेतिहासाचा रोख वाचकाकडे वळवला. विज्ञानकथेला ही दृष्टी विशेष उपकारक ठरते, कारण या प्रकाराचा वाचक त्याच्या जन्माच्या वेळीच उपस्थित होता.

ह्यूगो गर्न्सबॅक यांनी एप्रिल १९२६ मध्ये न्यूयॉर्क येथून ‘अमेझिंग स्टोरीज’ हे मासिक सुरू केले. त्याच्या पत्रव्यवहार सदरात पत्रलेखकांचे पत्तेही छापले जात. त्यामुळे वाचक परस्परांना लिहू लागले, त्यांची मंडळे निघाली, आणि १९३९ मध्ये न्यूयॉर्कलाच पहिले जागतिक संमेलन भरले. लेखकाचे गणित चुकले तर पुढच्या अंकात त्याला जाब विचारणारा वाचक या व्यवस्थेने घडवला. ‘विज्ञानकथेच्या वाचकाला काय हवे?’ या प्रश्नाचे उत्तर तेथे वाचकाच्याच पत्रांत सापडते.

भारतीय भाषांत असा अखंड पत्रव्यवहार हाताशी नाही. येथे वाचकाचा माग काढायचा तर कथा ज्या ठिकाणी छापून आली त्या ठिकाणाकडे पाहावे लागते. मासिक, स्पर्धा, मंडळ, साप्ताहिक यांपैकी प्रत्येक ठिकाण आपला वाचक गृहीत धरते आणि कालांतराने तसा वाचक घडवतेही. मराठी विज्ञानकथेच्या आधुनिक कालखंडाचा पहिला वाचक हा स्पर्धेचा परीक्षक होता. बंगालीत तो मंडळाचा सभासद होता आणि तमिळमध्ये साप्ताहिकाचा ग्राहक. या तीन आरंभांनी तिन्ही परंपरांच्या पुढील वाटचालीवर कोणते परिणाम केले, आणि आजच्या वाचकाची मागणी त्या चौकटींत का मावत नाही, याचा विचार प्रस्तुत निबंधात केला आहे. त्यातही भर मराठीवर आहे. इतर दोन परंपरा तुलनेसाठी घेतल्या आहेत.

२. स्पर्धेपूर्वीचा मराठी वाचक

मराठी कादंबरीच्या आरंभकाळी, ‘मुक्तामाला’ (१८६१) आणि तिच्यामागून आलेल्या कादंबऱ्यांत, अद्भुताला मोठे स्थान होते. पुढे वास्तवदर्शनाचा आग्रह वाढला तसे अद्भुत हे अपरिपक्व अभिरुचीचे लक्षण मानले जाऊ लागले. विज्ञानाच्या आधाराने आलेल्या अद्भुताला मात्र मासिकांनी जागा दिली. कृ. ना. आठल्ये यांच्या ‘केरळकोकिळ’ या मासिकात विसाव्या शतकाच्या उंबरठ्यावर ज्यूल व्हर्न यांच्या चंद्रप्रवासाच्या कादंबरीचे भाषांतर क्रमशः आले. या मासिकाचा जन्म कोचीनमधला. म्हणजे मराठी वाचकाला चंद्राची ही सफर घडली ती महाराष्ट्राबाहेरच्या एका संपादकाच्या हातून. १९१५ मधील श्री. बा. रानडे यांची ‘तारेचे हास्य’ ही कथा आरंभीच्या स्वतंत्र विज्ञानकथांत गणली जाते. १९२८ मध्ये पुण्यात ‘सृष्टिज्ञान’ निघाले आणि विज्ञान मराठीतून वाचणारा एक लहान पण निष्ठावंत वर्ग तयार झाला.

स्वातंत्र्योत्तर काळात दोन वेगळे वाचक दिसतात. पहिला बालकुमार वाचक. भा. रा. भागवत यांनी व्हर्न आणि वेल्स यांच्या कादंबऱ्यांची रूपांतरे केली, १९५१ मध्ये ‘बालमित्र’ काढले आणि पुढे फास्टर फेणे हा नायक निर्माण केला. दुसरा वाचक फिरत्या आणि पेठेतल्या वाचनालयांचा. अनंत अंतरकरांच्या ‘नवल’सारख्या मासिकांवर आणि नारायण धारप यांच्या पुस्तकांवर तो पोसला. धारपांनी ‘बहुमनी’, ‘गोग्रामचा चितार’ यांसारख्या विज्ञानाच्या अंगाने जाणाऱ्या कादंबऱ्या लिहिल्या आणि त्याच हाताने भयकथाही लिहिल्या. वाचनालयातून पुस्तक नेणाऱ्याला या दोहोंत विरोध जाणवत नव्हता. त्याला अपरिचिताचा थरार हवा होता. तो यंत्रातून येतो की पिशाचातून, हा प्रश्न त्याच्या लेखी दुय्यम होता. हा वाचक संख्येने मोठा असला तरी समीक्षेने त्याची दखल घेतली नाही.

३. स्पर्धा आणि परीक्षक

२४ एप्रिल १९६६ रोजी मुंबईत मराठी विज्ञान परिषदेची स्थापना झाली. १९५८ चा विज्ञानविषयक धोरणाचा ठराव मागे होता. १९७६ च्या बेचाळिसाव्या घटनादुरुस्तीने वैज्ञानिक दृष्टिकोनाची जोपासना हे नागरिकाचे मूलभूत कर्तव्य ठरणार होते. मराठी प्रबोधनाच्या परंपरेला आगरकरांपासून परिचित असलेला विवेकवाद येथे राष्ट्रबांधणीच्या कार्यक्रमाशी जोडला गेला. परिषदेने विज्ञानकथांची स्पर्धा सुरू केली ती या वातावरणात. विज्ञान सामान्य माणसापर्यंत पोहोचावे हा परिषदेचा उद्देश होता आणि कथा हे त्याचे एक साधन होते.

१९७४ च्या स्पर्धेत नारायण विनायक जगताप या नावाने ‘कृष्णविवर’ ही कथा आली आणि तिला पहिले पारितोषिक मिळाले. लेखक होते जयंत विष्णु नारळीकर. केंब्रिजहून १९७२ मध्ये परतून ते टाटा मूलभूत संशोधन संस्थेत रुजू झाले होते. आपल्या नावाचा परीक्षकांवर प्रभाव पडू नये म्हणून त्यांनी आद्याक्षरे उलटी करून टोपणनाव घेतले होते. १९७५ मध्ये कराडच्या साहित्य संमेलनात अध्यक्षा दुर्गा भागवत यांनी विज्ञानकथेच्या या नव्या प्रवाहाची दखल घेतली. मुकुंदराव किर्लोस्करांच्या आग्रहाने नारळीकरांच्या पुढच्या कथा ‘किर्लोस्कर’मध्ये आल्या, १९७९ मध्ये ‘यक्षांची देणगी’ हा संग्रह प्रसिद्ध झाला. त्यापाठोपाठ ‘प्रेषित’ (१९८३) आणि ‘वामन परत न आला’ (१९८६) या कादंबऱ्या आल्या. बाळ फोंडके, लक्ष्मण लोंढे, निरंजन घाटे, सुबोध जावडेकर, शुभदा गोगटे असे लेखक पुढे आले. मराठी कथेच्या इतिहासात एवढ्या थोड्या अवधीत एक प्रकार इतका स्थिरावल्याची उदाहरणे विरळा.

या यशात एक अट दडलेली होती. विज्ञान पोहोचवण्यासाठी घेतलेल्या स्पर्धेतील परीक्षक कथेला दोन प्रश्न विचारणारच : यातले विज्ञान बरोबर आहे का, आणि कथेतून विज्ञान काढून घेतले तर कथा उरते का? पहिला प्रश्न कथेला शिस्त लावणारा होता. दुसऱ्याने तिची सीमा आखली. विज्ञान काढले तरी जी उरेल ती विज्ञानकथा नव्हे, हा निकष हळूहळू संपादकांनी, समीक्षकांनी आणि वाचकांनीही आत्मसात केला. त्यातूनच कथेची एक सवयीची घडण तयार झाली : घटनेचे गूढ, मग जाणत्या शास्त्रज्ञाचे प्रवेशन, मग उलगडा सांगणारा संवाद. ऐकणारे पात्र वाचकाच्या वतीने शंका विचारते आणि शास्त्रज्ञ पात्र लेखकाच्या वतीने उत्तर देते. वाचनालयातला धारपांचा वाचक या व्यवस्थेतून वगळला गेला, कारण त्याचा थरार विवेकवादाच्या कसोटीला उतरत नव्हता.

त्याच दशकात मराठी साहित्यात दुसरे मोठे स्थित्यंतर घडत होते. १९७२ मध्ये दलित पँथरची स्थापना झाली. १९७८ मध्ये दया पवार यांचे ‘बलुतं’ आले. ‘यक्षांची देणगी’ त्याच्या पुढच्याच वर्षीची. एक प्रवाह मराठी वाचकाला त्याच्या भूतकाळाचा हिशेब मागत होता, तर दुसरा त्याला भविष्यकाळाची ओळख करून देत होता. दोन्ही प्रवाहांना विवेकवादाचे अधिष्ठान होते, आंबेडकरी विचारात तर विज्ञाननिष्ठेला मध्यवर्ती स्थान आहे. तरीही त्यांची भेट झाली नाही. विज्ञानकथेतील प्रयोगशाळा, वसाहती आणि आडनावे बहुतांशी मुंबई-पुण्याच्या सुशिक्षित मध्यमवर्गाची राहिली. येणारे भविष्य कोणाचे असेल, हा प्रश्न परीक्षकाच्या दोन प्रश्नांत समाविष्ट नव्हता. अरुण साधू यांनी ‘स्फोट’ (१९७९) आणि ‘विप्लवा’ (१९८५) या कादंबऱ्यांत सत्ता आणि समाज यांना विज्ञानकल्पनेच्या केंद्राशी आणले, ते स्पर्धेच्या वर्तुळाबाहेरून, राजकीय कादंबरीकाराच्या अनुभवातून. हे पुरेसे सूचक आहे.

परीक्षकाच्या चौकटीला तिच्या सर्वांत यशस्वी लेखकानेच छेद दिला, हेही नोंदवले पाहिजे. नारळीकरांच्या ‘गंगाधरपंतांचे पानिपत’ या कथेत इतिहासाचे प्राध्यापक गंगाधरपंत गायतोंडे अपघातानंतर अशा मुंबईत जाऊन पोहोचतात, जेथे पानिपताची लढाई मराठ्यांनी जिंकलेली आहे. विश्वासरावांना लागलेली गोळी त्या जगात कानाजवळून निघून गेली आहे. कथेत आकस्मिक स्थित्यंतरांचा गणिती सिद्धांत आणि पुंजवादातील अनिश्चितता येते, आणि ती समजावून सांगणारा वैज्ञानिक मित्रही येतो. वाचकाच्या लक्षात मात्र राहते ती १७६१ ची जखम आणि ती भरून निघाल्याचा क्षणिक आभास. कथेत आणखी एक प्रसंग आहे. सभांच्या अध्यक्षपदाची सवय असलेले गंगाधरपंत त्या जगातील एका सभेत अध्यक्षाची रिकामी खुर्ची पाहून तिच्यावर जाऊन बसतात आणि बोलू लागतात. त्या जगातील श्रोते अध्यक्षीय भाषणांना केव्हाच विटलेले असतात. ते त्यांना पिटाळून लावतात. व्याख्यानाचे काम अंगावर घेतलेल्या वाङ्मयप्रकाराने व्याख्यान नाकारणारा श्रोता रंगवावा, यात या प्रकाराची आत्मजाणीव दिसते. या कथेचे इंग्रजी रूप पुढे राष्ट्रीय शैक्षणिक परिषदेच्या अकरावीच्या इंग्रजी पाठ्यपुस्तकात समाविष्ट झाले आणि मराठी न जाणणाऱ्या विद्यार्थ्यांपर्यंत पानिपताचा हा पर्याय पोहोचला.

४. बंगाली : ‘आश्चर्य’चे मंडळ

स्पर्धेतून जन्म ही मराठीचीच विशेषता नव्हे. जगदीशचंद्र बोस यांची ‘निरुद्देशेर काहिनी’ (१८९६) ही कथा ‘कुंतलीन’ या केशतेलाच्या उत्पादकाने, हेमेंद्रमोहन बोस यांनी, लावलेल्या पारितोषिकासाठी लिहिली गेली होती. कथेत त्या तेलाचा उल्लेख यावा, पण ती जाहिरात वाटू नये, अशी अट होती. बोस यांच्या कथेत बाटलीभर तेल समुद्रात ओतून चक्रीवादळ शमवले जाते. म्हणजे बंगाली परीक्षकाला कथेत केशतेल हवे होते आणि मराठी परीक्षकाला विज्ञान. पहिली अट विनोदाने पुरी करता येण्यासारखी होती. त्या विनोदाचा सूर बंगाली परंपरेत टिकून राहिला. प्रेमेंद्र मित्र यांचे घनादा १९४५ पासून मेसमधल्या तरुणांना थापा ऐकवतात, आणि त्या थापांतला भूगोल व विज्ञान पुष्कळदा खरे असते.

१९६१ मध्ये सत्यजित राय यांनी ‘संदेश’ हे कौटुंबिक बालमासिक पुन्हा सुरू केले आणि त्यात प्रोफेसर शंकू अवतरला. शंकूच्या ‘मिराक्युरल’ गोळीने सर्व रोग बरे होतात. ती कशी काम करते हे सांगण्याच्या भरीस राय पडत नाहीत. जानेवारी १९६३ मध्ये अद्रीश बर्धन यांनी ‘आश्चर्य’ हे केवळ विज्ञानकथांना वाहिलेले मासिक काढले. त्याभोवती वाचक जमले. १९६६ मध्ये विज्ञानपटांसाठी एक सिने क्लब स्थापन झाला आणि राय त्याचे अध्यक्ष होते. त्याच वर्षी आकाशवाणीच्या कोलकाता केंद्रावर मित्र, राय, बर्धन आणि दिलीप रायचौधुरी या चौघांनी मिळून रचलेली कथा सादर झाली. ‘आश्चर्य’ सत्तरीच्या आरंभी बंद पडले. १९७५ मध्ये बर्धन यांनी ‘फँटास्टिक’ काढले.

बर्धन यांनी रूढ केलेली संज्ञा ‘कल्पविज्ञान’ अशी आहे. मराठीने ‘विज्ञानकथा’ हा शब्द स्वीकारला. एका समासात कल्पना आधी उभी आहे, दुसऱ्यात विज्ञान. संज्ञांवरून फार मोठे निष्कर्ष काढू नयेत हे खरे. परंतु येथे समासाचा क्रम आणि वाचकाची अपेक्षा यांचा मेळ बसतो. मंडळाचा सभासद कथेची परीक्षा घेण्यासाठी येत नाही, सोबत चित्रपट पाहण्यासाठी आणि चर्चा करण्यासाठी येतो. बंगालीला याची किंमतही मोजावी लागली. या प्रकाराला किशोरसाहित्याचा शिक्का बसला आणि प्रौढ समीक्षेचे दार त्याच्यासाठी दीर्घकाळ अर्धवटच उघडे राहिले. मराठी विज्ञानकथेला साहित्य संमेलनाच्या व्यासपीठावरून जी मान्यता इतक्या लवकर लाभली, तशी बंगाली कल्पविज्ञानाच्या वाट्याला आली नाही.

५. तमिळ : साप्ताहिकाचा ग्राहक

तिसरा नमुना दक्षिणेतला. ‘सुजाता’ या नावाने लिहिणारे एस. रंगराजन (१९३५–२००८) व्यवसायाने अभियंते होते. बंगळूर येथील भारत इलेक्ट्रॉनिक्समध्ये असताना मतदानयंत्राच्या विकासाशी त्यांचा संबंध आला. १९८० च्या दशकात ‘आनंद विकटन’ या लोकप्रिय साप्ताहिकातून त्यांची ‘एन इनिय इयंदिरा’ ही कादंबरी क्रमशः आली. एका हुकूमशहाच्या अमलाखालील भावी भारत, निला ही तरुणी आणि जीनो हा हळूहळू विचार करू लागणारा यंत्रकुत्रा असा तिचा विषय आहे. साप्ताहिकाचा ग्राहक पुढच्या आठवड्याची वाट पाहतो. त्याला पात्रांची काळजी लागली पाहिजे. स्पष्टीकरणासाठी कथानक थांबले तर तो पान उलटतो.

सुजाता यांनी स्पष्टीकरणाची सोय अन्यत्र केली होती. ‘ज्युनियर विकटन’मधील प्रश्नोत्तरांच्या सदरातून ते वाचकांच्या विज्ञानविषयक शंकांना उत्तरे देत. माहिती सदरात आणि भय-कुतूहल कादंबरीत, अशी ही वाटणी होती. मराठी लेखकांनीही विपुल वैज्ञानिक लेखन केले. नारळीकर आणि फोंडके यांची तशी पुस्तके सर्वपरिचित आहेत. फरक इतकाच की मराठीत कथेवरचे माहितीचे ओझे त्यामुळे उतरले नाही. तमिळ नमुन्यालाही मर्यादा होती : वाचक प्रकाराशी बांधला जाण्याऐवजी एका लेखकाच्या नावाशी बांधला गेला, आणि त्या नावाच्या तोलाचा वारस मिळणे अवघड झाले.

६. बदललेली मागणी

१९९३ मध्ये बाळ फोंडके यांनी संपादित केलेला विविध भारतीय भाषांतील विज्ञानकथांचा इंग्रजी संग्रह नॅशनल बुक ट्रस्टने प्रसिद्ध केला. या परंपरा प्रथमच एकमेकींच्या शेजारी ठेवल्या गेल्या. परंतु त्याच सुमारास त्यांच्या पायाखालची जमीन सरकू लागली होती. १९९१ नंतर दूरचित्रवाणीच्या वाहिन्या, संगणक आणि पुढे मोबाइल घरोघरी आले. मासिकांचा अवकाश आक्रसला आणि मराठी विज्ञानकथा मुख्यतः दिवाळी अंकांच्या आश्रयाला राहिली.

या काळातील सर्वांत मोठा बदल माहितीच्या संदर्भातला आहे. १९७४ मध्ये कृष्णविवर म्हणजे काय हे मराठी वाचकाला कथेतून कळणे ही घटना होती. १० एप्रिल २०१९ रोजी एम ८७ या दीर्घिकेच्या केंद्रस्थानी असलेल्या कृष्णविवराच्या छायेचे चित्र प्रसिद्ध झाले, तेव्हा मराठी वृत्तपत्रांना या शब्दाचा अर्थ नव्याने घडवावा लागला नाही. त्या शब्दाच्या प्रसारात विज्ञानकथेचा वाटा आहे, आणि हे तिचे यशच होय. परंतु या यशाबरोबर तिचे नेमून दिलेले एक कामही संपले. ज्या वाचकाला माहिती क्षणात मिळते, तो कथेकडे माहितीसाठी येत नाही.

तो कशासाठी येतो, याची चिन्हे विखुरलेली आहेत. २०१८ च्या ‘तुंबाड’ या चित्रपटाची प्रेरणा अंशतः धारपांच्या कथेत होती, आणि त्यानिमित्ताने वाचनालयातल्या त्या उपेक्षित वाचकाच्या आवडीकडे नव्याने लक्ष गेले. अद्भुत आणि विज्ञान यांच्यामध्ये परीक्षकाने घातलेली भिंत आजच्या वाचकाला तितकी आवश्यक वाटत नाही. बंगालीत २०१६ पासून ‘कल्पविश्व’ हे नियतकालिक मंडळाची परंपरा नव्या माध्यमात चालवत आहे. इंग्रजीत अमिताव घोष यांच्या ‘द कलकत्ता क्रोमोसोम’ (१९९५) या कादंबरीने मलेरियाच्या संशोधनाचा इतिहास वसाहतीच्या प्रजेच्या बाजूने उलटा वाचला आणि १९९७ मध्ये आर्थर सी. क्लार्क पुरस्कार मिळवला. विज्ञान खरे की खोटे, यापेक्षा ते कोणाच्या श्रमावर आणि कोणाच्या देहावर उभे राहिले, हा त्या कादंबरीचा प्रश्न आहे. २०२० च्या महासाथीनंतर आणि हवामानबदलाच्या अनुभवानंतर हा प्रश्न केवळ अभ्यासकांचा राहिलेला नाही. १९७८–७९ मध्ये समांतर गेलेले मराठीतील दोन प्रवाह जेथे भेटू शकले असते, ती जागा नेमकी हीच आहे.

परीक्षकाच्या निकषाची बाजूही येथे मांडली पाहिजे. छद्मविज्ञानाचा सुळसुळाट असलेल्या काळात ‘यातले विज्ञान बरोबर आहे का?’ हा प्रश्न सोडून देणे घातक ठरेल. डॉ. नरेंद्र दाभोलकर यांची २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात हत्या झाली. ज्या समाजात विवेकाचा आग्रह धरणाऱ्याला प्राण गमवावे लागतात, तेथे विज्ञानकथेच्या प्रबोधनपर वारशाला कालबाह्य म्हणता येणार नाही. तो प्रश्न आवश्यक आहे. तो एकटा पुरेसा नाही, एवढेच इतिहास दाखवतो.

७. समारोप

टोपणनावाने स्पर्धेत उतरलेला लेखक डिसेंबर २०२१ मध्ये नाशिकच्या चौऱ्याण्णवाव्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचा अध्यक्ष झाला. २० मे २०२५ रोजी जयंत नारळीकरांचे पुण्यात निधन झाले आणि मराठी विज्ञानकथेचा एक कालखंड संपला. लेखकाला लाभलेली मान्यता ही प्रकाराला लाभलेली मान्यता असतेच असे नाही. मराठी वाङ्मयेतिहासात विज्ञानकथेचे प्रकरण अद्याप बहुधा परिशिष्टासारखे, नावांच्या यादीच्या रूपात येते.

तुलनात्मक अभ्यासाला येथे बरेच काम शिल्लक आहे. दिवाळी अंकांच्या अनुक्रमणिका, वाचनालयांच्या नोंदवह्या, संपादकांकडील पत्रे आणि उपलब्ध होतील तेथे परीक्षकांचे अभिप्राय यांतून वाचकाचा इतिहास नव्याने रचता येईल. तसे झाले म्हणजे स्पर्धेने दिलेली शिस्त, मंडळाने दिलेली मोकळीक आणि साप्ताहिकाने दिलेली उत्कंठा या तिन्ही गोष्टी भारतीय वाचकाने वेगवेगळ्या भाषांत मागितल्या होत्या, आणि कोणत्याही एका भाषेने त्या एकत्र पुरवल्या नाहीत, हे स्पष्ट होईल. पुढच्या विज्ञानकथेसमोर ही मागणी अजून उभी आहे.